तराजूवरचा उपवासकाळ

रघुनाथराव साळवे हे माझे भाऊजी. थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून त्यांचं नाव मानानंच घ्यावं लागतं. नाहीतर त्यांच्यासाठी माझ्याजवळ दुसरेही शब्द आहेत, आणि सदतीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून काढल्यामुळे ते मला चांगले येतात.

भाऊजी ग्वाल्हेरला दौलतगंजात दुसऱ्या मजल्यावर राहतात. नोकरी केली नापतौल खात्यात, वजनमापं तपासणारे निरीक्षक म्हणून. नई सडकवर हे येताना दिसले की दुकानदार घाईघाईनं पारड्याखाली चिकटवलेलं मेण खरवडून काढायचे. कुणाची मिठाई घेतली नाही, कुणाचा चहा प्यायले नाहीत. हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण न प्यायलेल्या चहाबद्दल माणूस तीस वर्षं बोलत राहिला की ऐकणाऱ्याला वाटतं, मेल्या, प्यायला असतास तर सुटलो असतो.

निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी त्यांना भेट काय दिली, तर पितळी तराजू. टेबलावर ठेवायचा, दोन पारड्यांचा, मधे काटा. देणाऱ्यांनी गंमत म्हणून दिला असणार. भाऊजींना गंमत कळत नाही. त्यांनी तो घरी आणला, चिंचेनं घासला आणि जेवणाच्या टेबलाशेजारच्या फडताळावर ठेवला. माझ्या बहिणीच्या, कुसुमच्या, नशिबात काय वाढून ठेवलंय ते मला त्या दिवशीच कळायला हवं होतं.

आम्ही कॅथलिक. पणजोबा नगरकडून इथे ग्वाल्हेरला आले ते इथलेच झाले. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमचा उपवासकाळ. राखेच्या बुधवारी फादर कपाळाला राख लावतात तिथून तो सुरू होतो. चाळीस दिवस म्हटलं तरी खरा कडक उपवास फक्त दोन दिवस असतो, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एकदा पोटभर जेवायचं, दोनदा थोडं खायचं, आणि ते दोन वेळचं थोडं मिळून एका पोटभर जेवणाइतकं होता कामा नये. शुक्रवारी मांस नाही. संपलं. बाकी प्रार्थना करा, गोरगरिबाला द्या, जिभेला आवरा.

आता पोटभर म्हणजे किती, हे चर्चनं कुठे सांगितलेलं नाही. ज्याचं पोट त्याला ठाऊक. पण जन्मभर दुसऱ्यांची वजनं तपासलेल्या माणसाला हे सहन व्हावं कसं? भाऊजींनी आपल्या मनानं ठरवून टाकलं: पोटभर म्हणजे चारशे ग्रॅम. थोडं म्हणजे दीडशे. दीडशे आणि दीडशे तीनशे, चारशेच्या आत. झाला हिशेब पक्का! आणि हे दोन दिवस नाही हं, चाळीसच्या चाळीस दिवस. वर रविवारसुद्धा, जो प्रभूचा वार म्हणून उपवासात धरायचाच नसतो.

एवढ्यानंही समाधान नाही. त्यांच्या गल्लीत सगळी दक्षिणी घरं, म्हणजे इथली मराठी हिंदू मंडळी. समोरच्या शांताताई चातुर्मास कडक पाळतात, एकादशीला पाण्यावर राहतात. भाऊजींच्या डोक्यात कायमचं बसलंय की या लोकांना आपण ढिले वाटतो, खाऊनपिऊन मोकळे. तेव्हा दाखवून देतो एकेकाला! म्हणून उपवासकाळात यांच्या घरी कांदा-लसूण बंद, साखर बंद, आणि शुक्रवारी धान्य बंद. प्रभूनं कांद्याबद्दल कधी एक शब्द काढल्याचं मला तरी आठवत नाही. मी तसं म्हटलंही. तर म्हणाले, "शालिनीताई, संयमाला मर्यादा नसते."

स्वतःच्या घरात स्वतःच्या पोटाला काय करायचं ते करा बापडे. पण भाऊजींचा उपवास एकट्यानं होत नाही. त्याला साक्षीदार लागतो, आणि तो साक्षीदार म्हणजे माझी बहीण. कुसुम अडुसष्ट वर्षांची आहे. वीस वर्षं तिला शुगर आहे. सकाळी गोळी पोटात गेली की मागोमाग अन्न गेलंच पाहिजे, नाहीतर साखर एकदम खाली येते, आणि अशी साखर खाली आलेली माणसं मी डोळ्यांदेखत गेलेली पाहिली आहेत. मला उपवासाशी काही देणंघेणं नव्हतं. माझी बहीण ईस्टरपर्यंत जिवंत राहते की नाही, एवढंच मला बघायचं होतं.

यंदा राखेच्या बुधवारनंतरच्या सोमवारी मी गोरखीतल्या माझ्या घरून सकाळीच त्यांच्याकडे गेले. कुसुम थाळी घेऊन तराजूपाशी उभी होती. एका पारड्यात दीडशेची वजनं आणि त्यांच्यासोबत तशीच एक रिकामी थाळी, म्हणजे थाळीचं वजन वजा व्हावं. बघा कशी अक्कल! कुसुमनं आपली थाळी दुसऱ्या पारड्यात ठेवली. पारडं खाली गेलं.

"जास्त आहे," भाऊजी म्हणाले.

तिनं अर्धी पोळी काढली. पारडं अजून खालीच. तिनं डाळीचा एक चमचा काढला. काटा मधोमध आला.

"आता बरोबर."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "भाऊजी, गोळी घेतलीय तिनं. एवढ्याशा खाण्यावर दुपारपर्यंत राहील ती?"

"भूक लागली नाही तर उपवास कसला, ताई?"

"मग तुम्ही राहा ना उपाशी!"

"मी आहेच," ते म्हणाले. आणि होते हो. हीच तर पंचाईत. हा माणूस ढोंगी असता, लपूनछपून कचोऱ्या खात असता, तर मी त्याला मनातून माफ केलं असतं. ढोंगी माणसाला निदान भूक म्हणजे काय ते कळतं. हे एकाहत्तराव्या वर्षी पट्ट्याला नवीन भोकं पाडत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती मोजून दाखवत होते.

कुसुमनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "जाऊ दे गं शालू. चाळीस दिवसांचा तर प्रश्न आहे."

"तू चाळीस दिवस टिकशील का?"

"गेल्या वर्षी टिकलेच ना?"

गेल्या वर्षी तिला दोनदा चक्कर आली होती. हे मला शांताताईंकडून कळलं, तिच्याकडून नाही. शांताताईच जिन्यात मला म्हणाल्या होत्या, "अहो, आमच्यातसुद्धा आजाऱ्याला सगळं माफ असतं. तुमच्या देवाला शुगर माहीत नाही का?" देवाला माहीत आहे, माझ्या भाऊजींना नाही.

मग मी फादरांकडे गेले. फादर झारखंडचे, तरुण, फार बोलत नाहीत. दुसऱ्याच दिवशी स्कूटरवरून दौलतगंजात आले, चहाही न घेता बसले आणि स्वच्छ हिंदीत सांगितलं की साठीच्या पुढच्यांना उपवास नाही, आजाऱ्याला नाही, आणि कुसुमताईंना तर दोन्ही कारणांनी नाही. भाऊजींनी हात जोडून सगळं ऐकून घेतलं. खाली जाऊन स्कूटरपर्यंत पोचवून आले. वर आल्यावर मला म्हणाले, "नवीन पोरं आहेत. वजनात कमी भरतात."

बाप रे बाप! मी त्याच मिनिटाला इंदूरला त्यांच्या मुलाला, शंतनूला, फोन लावला. तो म्हणाला, "मौसी, पप्पांना समझाना बेकार है. तुम्ही मम्मीलाच तुमच्याकडे घेऊन जा ना, बस दीड महिना." मुलगा शहाणा आहे, म्हणूनच इंदूरला राहतो. मी कुसुमला विचारलं. ती म्हणाली, "उपवासकाळात घर सोडून येऊ? लोक काय म्हणतील? आणि यांचं कोण करणार?" यांचं करायचं काय होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. दिवसाला सातशे ग्रॅम वाढायचे, एवढंच ना?

मी रोज जायला लागले. पदराखाली केळं घेऊन जायची, कधी लाडू. कुसुम घ्यायची नाही. "त्यांना कळलं नाही तरी मला कळेल ना," म्हणायची. इतक्या वर्षांत तिच्या नवऱ्यानं काही कमावलं असेल तर ते हे.

पाचव्या शुक्रवारी संध्याकाळी चार वाजता चर्चमध्ये क्रूसाची वाट होती. भिंतींवर प्रभूच्या दुःखाची चौदा चित्रं आहेत. एकेका चित्रापाशी थांबायचं, गुडघे टेकायचे, प्रार्थना म्हणायची, उठायचं, पुढच्या चित्राकडे जायचं. एप्रिल तापलेला, पंखे गरम वारा फेकत होते. शुक्रवार, म्हणजे भाऊजींच्या घरी धान्य बंद. कुसुम त्या दिवशी सकाळी गोळी घेऊन उकडलेल्या रताळ्याच्या दीडशे ग्रॅमवर आली होती. दुपारचं काय खाल्लंस विचारलं तर म्हणाली, संध्याकाळी एकदम जेवणार.

नववं चित्र म्हणजे प्रभू तिसऱ्यांदा पडतो ते. सगळ्यांनी गुडघे टेकले, सगळे उठले. कुसुम उठली नाही. तिनं डोकं पुढच्या बाकाला टेकलं होतं आणि हात जोडलेले होते. मागच्या बायका एकमेकींकडे बघून मान हलवायला लागल्या, किती भक्तिभाव! आणि माझे भाऊजी, पुरुषांच्या रांगेत उभे, त्यांनी वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं सांगू? अभिमान. आपल्या बायकोकडे असे बघत होते की जणू तिच्यावर आत्ताच सरकारी शिक्का मारलाय.

मी पुढे घुसले. तिच्या मानेला हात लावला तर घामानं गारगार. "कुसुम! ए कुसुम!" डोळे उघडले पण ओळख नाही. ओठ थरथरत होते. मी ओरडले, "साखर! कुणाकडे काही गोड आहे का? लवकर!"

प्रार्थना थांबली. फादर पुस्तक टाकून धावले. आणि भाऊजी, ते रांगेतून हलकेच पुढे आले, माझ्याकडे वाकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, पाचच उरलीत. तेवढं होऊ दे."

पाच चित्रं उरली होती हो! बायको डोळ्यांसमोर विझत होती आणि हा माणूस चित्रं मोजत होता. मी त्यांना काय म्हणाले ते चर्चमध्ये म्हणायचं नसतं. प्रभू माफ करील, तो समोरच पडलेला होता आणि त्यानं सगळं पाहिलं.

गाणाऱ्या मुलींमधली प्रांजली पर्स उपडी करत आली. "आंटी, ये लो, फ्रूटी आहे, चलेगा?" चलेगा म्हणजे काय! कुसुमला गिळता येतंय ना ते आधी बघितलं, मग घोट घोट पाजलं. दहा मिनिटांनी ती मला म्हणाली, "शालू, आज शुक्रवार आहे ना?" मी म्हटलं, "गप्प बस आणि पी."

इस्पितळात दोन दिवस ठेवलं. डॉक्टर भाऊजींना ओरडले, आणखी अर्धा तास गेला असता तर काय झालं असतं ते सविस्तर सांगितलं. भाऊजी ऐकत उभे राहिले. मला वाटलं, आता तरी.

कुसुमला मी सरळ माझ्याकडे गोरखीला आणलं. तिचे कपडे आणायला दौलतगंजात गेले तेव्हा भिंतीवरची ती फ्रेम दिसली. उपवासकाळाच्या नियमांचं चर्चचं छापील पत्रक भाऊजींनी काच लावून जेवणाच्या टेबलासमोर टांगलं होतं. इतकी वर्षं मी ती बघत होते. त्या दिवशी संतापानं खिळ्यावरून काढली. मागचा पुठ्ठा निघाला. पत्रक फ्रेमपेक्षा लांब होतं, म्हणून त्याचा खालचा भाग मागे दुमडून टाकला होता. उलगडून पाहिलं. खालच्या भागात होतं: साठ वर्षांवरील, आजारी आणि गरोदर स्त्रिया यांना उपवास लागू नाही.

मी ते त्यांच्यासमोर धरलं. "हे काय आहे?"

"ते माहीत आहे मला."

"माहीत आहे? मग दुमडलंत का?"

"फ्रेममध्ये बसत नव्हतं." मग म्हणाले, "आणि ती सवलत आहे, ताई. घ्यायचीच असं कुठे लिहिलंय? मी जन्मात सवलत घेतलेली नाही."

"तुम्ही नाही हो! ती! कुसुम!"

"ती माझी बायको आहे," ते म्हणाले. त्यांच्या मते त्यात सगळं उत्तर आलं होतं. दुसऱ्यांच्या खोट्या वजनांवर तीस वर्षं खटले भरणाऱ्यानं स्वतःच्या घरात नियमाचं शेपूट दुमडून ठेवलं होतं. आता कुणी यांच्यावर खटला भरावा?

माझ्याकडे कुसुमचा रंग परत आला. तीन वेळा खायला घालत होते, मधे दूध. पण थाळी समोर आली की ती थोडा वेळ नुसती बघत राहायची, मग पोळी अर्धी करून बाजूला सारायची. "बस झालं." मी म्हटलं अशक्तपणा असेल, पोट आक्रसलं असेल. नर्स म्हणून इतकी वर्षं काढूनही मला तेवढंच सुचलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी भाऊजी दारात आले. नवीन शर्ट. आत आले नाहीत. "उद्या सण आहे. उपवासकाळ संपला. दोघी घरी जेवायला या, मटण मी स्वतः आणतो." झालं! कॅलेंडरचं पान उलटलं आणि यांच्या पापाचा निकाल लागला. मी नाही म्हणणार होते, पण कुसुमचा चेहरा खुलला. "जाऊ या ना शालू. ईस्टर आहे."

गेलो. खोटं बोलणार नाही, भाऊजींनी खरंच मन लावलं होतं. मटण, पुलाव, रंगवलेली अंडी, दौलतगंजातली जिलबी. कांदा इतका परतलेला की जिन्यात वास येत होता. भाऊजी शांताताईंना जिलबी देऊन आले. टेबलावर नवं कापड. मला म्हणाले, "ताई, आज कुणी काही मोजायचं नाही." आणि स्वतःच्या हातानं कुसुमची थाळी वाढली, पुलावाचा डोंगर, वर मटणाचे चार मोठे तुकडे, वर आणखी रस्सा. हसत होते. त्या माणसाला मी पहिल्यांदा हसताना पाहत होते, आणि माझं मन, आता सांगायला लाज वाटते, जरा सैल पडलं.

कुसुमनं थाळी दोन्ही हातांनी उचलली. मला वाटलं, वास घेतेय. ती खुर्ची सरकवून उठली, फडताळापाशी गेली आणि थाळी तराजूच्या पारड्यात ठेवली. दुसऱ्या पारड्यात दीडशेची वजनं आणि रिकामी थाळी तशीच होती, कुणी काढलीच नव्हती. पारडं ठक्कन खाली आदळलं. ती पदर सारखा करून उभी राहिली, वाट बघत.

भाऊजींच्या हातात डाव होता. ते काही म्हणणार होते, बहुतेक "अगं" असं काहीतरी. पण इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघालं ते दुसरंच.

"जास्त आहे."

कुसुमनं मटणाचा एक तुकडा उचलला आणि पातेल्यात परत टाकला. मग दुसरा. मग तिनं काट्याकडे पाहिलं आणि पुलावाला हात घातला.

भाऊजींच्या हातातला डाव खाली पडला. "कुसुम, नको," म्हणाले, "नको, आज नाही." मला त्यांची काडीइतकी दया आली नाही. येत नाही, आणि मी ती आणणारही नाही.

मी तिची थाळी पारड्यातून उचलली, तिला खुर्चीवर बसवलं, शेजारी बसले आणि लहान मुलाला भरवतात तसा एक घास तिच्या तोंडाशी नेला. "खा," म्हटलं.

तोंड उघडण्याआधी तिनं नवऱ्याकडे पाहिलं.